शेख बयूमीचा गाण्याचा डबा

इजिप्तमधल्या आमच्या सय्यिदा झैनबच्या भागात ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला लोक आपोआप शेख म्हणतात. त्यासाठी मशिदीत नोकरी लागत नाही, दाढीही लागत नाही. बयूमी रोज सकाळी गुळगुळीत दाढी करतो, वेताच्या खुर्च्या विणतो आणि उभ्या आयुष्यात त्याने अभ्यास केला तो एकाच विषयाचा, सित्त फिक्रियाच्या गाण्यांचा. लहानपणी त्याला कुराण पाठ करायला बसवलं होतं हे खरं. पण तिथल्या गुरुजींच्या छडीपेक्षा समोरच्या खिडकीतला रेडिओ आपल्याला जास्त लागला, असं तोच सांगतो. तरी शेख तो शेख. मी जन्मभर टपाल खात्यात कारकुनी केली, तर तो मला हिल्मी एफेंदी, म्हणजे हिल्मीसाहेब, म्हणतो. म्हणजे आमच्या मैत्रीत खरी पदवी कुणाचीच नाही.

फिक्रियाबाईंचं गाणं म्हणजे सुरू झालं आणि संपलं, असला प्रकार नव्हता. एक ओळ त्या घ्यायच्या, दिवाणखान्यातले लोक "अल्लाह!" म्हणून उसळायचे, "पुन्हा, बाई, पुन्हा!" म्हणून ओरडायचे, की बाई तीच ओळ पुन्हा घ्यायच्या. पण तीच नव्हे. दर वेळी तिला नवं वळण. बाईंनी एखादी ओळ एकदाच म्हटली, तर बाई आजारी आहेत असं लोक समजत. बयूमीकडे त्यांच्या मैफिलींच्या कॅसेटी पेट्या भरून आहेत. त्यातल्या एका कॅसेटवर, दुसऱ्या कडव्यात, एक तरणा आवाज "पुन्हा!" म्हणून असा काही किंचाळतो की वादक क्षणभर ताल विसरतात. तो आवाज आपला, असं बयूमीचं म्हणणं. त्या मैफिलीला तो होता, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या कोपऱ्यावरच्या कहवाखान्याच्या मालकाचे, मुअल्लिम दुसूकीचे, वडील मरेपर्यंत सांगत होते की तो आवाज त्यांचा. बयूमीची विधवा बहीण नबविया म्हणते, तो कुणाचा तरी पाय चेंगरला असणार.

दर गुरुवारी संध्याकाळी बयूमी आपला टेपरेकॉर्डर काखोटीला मारून कहवाखान्यात यायचा. तिथल्या खुर्च्या त्यानेच विणलेल्या, त्यामुळे बसण्याआधी वेत चाचपून दुसूकीला दोन शब्द सुनवायचे, मग कॅसेट लावायची. त्या यंत्राची बटणं पेटीच्या पट्ट्यांसारखी जाड. मागे जाण्याचं बटण अर्धवट दाबलं की फीत चिर्र चिर्र करत उलटी पळायची, आणि त्या चिरचिरीवरूनच बयूमी ओळखायचा की आपण कुठे आहोत. हे सारंगीवाल्यांचं, हे टाळ्यांचं, हे बाई श्वास घेतात. नेमक्या ठिकाणी बोट उचलायचा. बाईंना मागे फिरवणारा इजिप्तमधला शेवटचा माणूस, असं दुसूकी त्याला म्हणे.

ते यंत्र एके दिवशी घरघर करून बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि हळूच झाकण लावलं.

"काका, याचा पट्टा आता मिळत नाही."

"दुसरीकडे बघू."

"काका, पट्टा बनवणाराही आता मिळत नाही."

नबवियाने लगेच तोडगा काढला. तिच्या फोनमध्ये सगळी गाणी भरून घ्यायची, आणि भावाला ऐकायचं असेल तेव्हा ती लावून देणार. यावर बयूमी भडकला नाही, पण जेवला नाही, ते जास्त वाईट. मला म्हणाला, "हिल्मी एफेंदी, सकाळी उठून बहिणीला म्हणायचं, बाई गं, जरा गाणं लाव. मग म्हणायचं, जरा मागे घे. मग, अजून जरा. हे गाणं झालं की अर्ज? माझ्या बोटांनी लागेल असं काहीतरी बघ. कुणाला विचारावं न लागता."

तेव्हा आम्ही दोघं यंत्रांच्या दुकानांनी भरलेल्या अब्दुल अझीझ रस्त्यावर गेलो, आणि माझ्या डोक्याची जी वाताहत सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

पहिल्या दुकानातल्या पोराने काचेची एक पाटी बयूमीच्या हातात दिली. अंध लोकांसाठी सोय आहे म्हणाला, बोलते. खरंच बोलत होती. बोट लागलं की वेळ सांगे, बोट सरकलं की बॅटरी किती ते सांगे, आणि बोट उचललं की "उघडण्यासाठी दोनदा टेकवा" म्हणे. बयूमीने दोनदा टेकवलं. तिने कॅमेरा उघडला. पुन्हा टेकवलं, तिने माझा फोटो काढला आणि "एक चेहरा" असं जाहीर केलं.

"एवढंच तिला दिसलं?" बयूमी म्हणाला. "पोरा, ही बाई गाते की नुसतीच बोलते?"

दुसऱ्या दुकानात खजुराएवढं एक गाण्याचं खेळणं होतं. त्याला एकच गोल बटण. थोडं दाबलं की सुरू, लांब दाबलं की आवाज मोठा, दोनदा दाबलं की पुढचं गाणं, दोनदा दाबून धरलं की काय ते विक्रेत्यालाही आठवेना. बयूमीने प्रयत्न केला आणि ते खेळणं रेडिओ होऊन बाजारभाव सांगू लागला. मी टपाल खात्यात असे शिपाई पाहिलेत. एक माणूस, पाच खाती, आणि आपण विचारलं की सहाव्याच खात्यात.

तिसरं दुकान मात्र नीटनेटकं होतं. मालकाने आम्हाला चहा दिला आणि कपाटातून एक डबा काढला. परदेशातून आलेला, खास अंधांसाठी. बटणं उठावाची, एक त्रिकोणी, एक चौकोनी, एक तारेसारखं. बयूमीच्या बोटांनी त्यावरून एक फेरी मारली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, जमलं. सुरू केलं. डबा बातम्या देणाऱ्यांच्या घोटीव अरबीत म्हणाला, "कप्पा पहिला. नग पहिला. एकूण लांबी एक तास अठरा मिनिटे." मग मालकाने त्यात भरून ठेवलेलं फिक्रियाबाईंचं गाणं. बयूमीने ते क्षणभर थांबवून पुन्हा सुरू केलं. "कप्पा पहिला. नग पहिला. एकूण लांबी..."

"याचं तोंड बंद होतं का?"

"होतं ना काका. इथून."

"आणि पुन्हा उघडायचं झालं तर?"

मालक जरा घुटमळला. "मग पडद्यावर बघावं लागतं."

"अंधांसाठी आहे ना?"

"खास अंधांसाठी," मालक म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळून त्याने आमच्यासाठी आणखी एकेक चहा मागवला.

तरीही बयूमीने आपली परीक्षा घेतलीच. ती त्याने प्रत्येक दुकानात घेतली होती. "मला दुसऱ्या कडव्यातल्या पहिल्या ओळीवर ने. बाई ती तिसऱ्यांदा घेतात तिथे." मालकाने सांगितलं, पुढच्या गाण्यावर जाता येतं, मागच्या गाण्यावर जाता येतं. बयूमी म्हणाला, गाणं एकच आहे. मालक म्हणाला, मग सुरुवातीला जाता येतं. बटण दाबून धरलं की मागेही पळत होतं म्हणा, पण मुकाट. चिरचिर नाही, काही नाही. बोट उचलेपर्यंत आपण कुठे पोचलो ते कळायचा मार्ग नाही. बयूमी एकदा टाळ्यांत उतरला, एकदा प्रस्तावनेत, एकदा चक्क आदल्या मैफिलीत.

"डोळे बांधून विहिरीत सोडल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. हे त्याने म्हणावं यात काहीतरी चुकत होतं, पण काय ते मला सांगता येईना.

एक सांगायचं राहिलं. प्रत्येक दुकानात तो मला विचारी, रंग कोणता. मी वैतागून म्हटलं, तुला रंगाशी काय करायचंय? तर म्हणाला, "हरवलं तर तू काय शोधणार?"

घरी परतताना माझ्या डोक्यात त्रिकोणी बटण, खजूर आणि बोलकी पाटी यांची खिचडी झाली होती. बयूमीने विचारलं, त्यातल्या त्यात बरं कुठलं? मी दुसरं म्हणालो. तो म्हणाला, दुसरं म्हणजे बाजारभाववालं? मी म्हणालो, नाही, दुसरं म्हणजे तिसरं.

मशिदीच्या भिंतीला लागून हज करून आलेल्या एका म्हातारीचं, हाग्गाचं, दुकान आहे. जपमाळा, अत्तरं, लहान मुलांच्या टोप्या. तिथून एका पोराचा की यंत्राचा आवाज येत होता, कुराणातली एकच आयत पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बयूमी थांबला. काठी जमिनीला टेकवून थांबला, म्हणजे आता हा हलणार नाही हे मी ओळखलं.

ती कुराण पाठ करणाऱ्या मुलांची पेटी होती. साबणाच्या वडीएवढी, हिरवी, पुढे जाळी. आत पठण भरलेलंच. बटणं मोठी, फुगीर, मुलांच्या धसमुसळ्या बोटांसाठी केलेली. आणि त्यांत दोन बटणं शेजारी शेजारी. एक दाबलं की "इथपासून", दुसरं दाबलं की "इथपर्यंत". तेवढाच तुकडा मग पेटी म्हणत राहते, पोराच्या डोक्यात बसेपर्यंत. मागे नेताना तर ती थांबत थांबत दोन-दोन शब्द ऐकवते, कारण मुलांना नेमकी जागा सापडली पाहिजे.

बयूमीने ती पेटी हातात घेतली, आणि त्याची बोटं जुन्या टेपरेकॉर्डरवर फिरायची तशी फिरली. मग त्याने गळा साफ केला आणि अत्तराची किंमत विचारावी इतक्या सहज विचारलं की यात दुसरं काही लागतं का.

हाग्गा म्हणाली, "बाजूला फट आहे, त्यात कार्ड बसतं. कार्डात असेल ते लागेल, बाळा. पेटीला काय कळतंय. कळायचं ते आपल्याला."

पेटी घेतली खरी, पण त्या शेवटच्या वाक्याने बयूमी अस्वस्थ झाला. रस्ताभर तो स्वतःशीच खटला चालवत होता. फिक्रियाबाई काय वाईट गातात? नाही. पण प्रेमाचं गातात. प्रेम वाईट? नाही. पण या पेटीतून? मला विचारलं तर मी एकदा हो म्हणालो आणि एकदा नाही, आणि दोन्ही वेळा तो "तेच म्हणतोय मी" म्हणाला. शेवटी त्याने तह केला. सकाळी पेटी नबवियाची, स्वयंपाक करताना ती पठण ऐकेल. संध्याकाळी कार्ड घालून पेटी बयूमीची. यात पुण्याचं पारडं जड राहील, असा त्याचा हिशेब.

कॅसेटींवरची गाणी एका दुकानातून नखाएवढ्या कार्डावर उतरवून आणली. नबवियाला ती पेटी दोन सकाळींत अंगवळणी पडली. एका हाताने भात भरलेली द्राक्षाची पानं गुंडाळत दुसऱ्या हाताच्या कोपराने ती बटणं दाबायची. भाऊ मात्र अडखळत होता. ती म्हणाली, दाखवते, अंगठा दे इकडे. तो म्हणाला, मी खुर्च्या विणतो, मला बटणं शिकवू नकोस. ती म्हणाली, बरं बाबा, विणत बस.

गुरुवार आला. कहवाखाना भरला होता, कारण दुसूकीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शेखचं नवं यंत्र येतंय आणि आज बाई पुन्हा गाणार. बयूमी धुतलेला पायघोळ गलाबिया घालून आला. खुर्ची चाचपली, दुसूकीला म्हणाला, "या खुर्चीवर कोण उभं राहिलं होतं?" मग पेटी मेजावर ठेवली. ऐकणारे हुक्क्याच्या नळ्या हातात घेऊन सरसावून बसले.

"आज मी बाईंना म्हणेन तिथपासून म्हणेन तिथपर्यंत गायला लावणार," बयूमी म्हणाला. "लक्ष द्या."

त्याने बटणं दाबली. पेटीतून घनगंभीर आवाजात कुराणाचं पठण सुरू झालं.

कहवाखान्यात एकदम शांतता पसरली. नळ्या खाली ठेवल्या गेल्या. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते पालथे घातले. कुणीतरी सिगारेट विझवली. बयूमीचा चेहरा मला समोरून दिसत होता, आणि त्यावरून मला एवढं कळलं की याला हे अपेक्षित नव्हतं. पण अर्ध्या आयतीत बटण कसं दाबणार? ते काही बरं नव्हे. तो आयत संपायची वाट बघत राहिला. ती संपली तेव्हा त्याने घाईघाईने बटण दाबलं. ते थांबायचं नव्हतं. ते "इथपर्यंत"चं होतं, आणि "इथपासून"चं त्याने फुशारकी मारताना आधीच दाबलं होतं. पठण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

आता इथे प्रत्येकाचं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण मलाही ते दुसऱ्या दिवशी समजलं. बयूमीला वाटलं, लोक एवढे तल्लीन होऊन ऐकताहेत, आता बंद केलं तर म्हणतील हा गाण्यासाठी पठण तोडतो. लोकांना वाटलं, शेखने मुद्दाम लावलंय, त्याच्या घरी काहीतरी झालं असणार. मला वाटलं, कुणीतरी विचारेल. विचारलं कुणीच नाही, जो तो भिडेखातर माना खाली घालून बसला. आणि आमच्याकडे संध्याकाळी कहवाखान्यात गप्पा थांबून पठण सुरू झालं, सगळे रांगेत गप्प बसले, तर त्याचा अर्थ एकच होतो.

दुसूकीने खुणेनेच मला विचारलं, कोण गेलं? मी खांदे उडवले. त्याने ते दुःखाने उडवले असं धरलं आणि आत जाऊन बिनसाखरेची कॉफी चढवली. आमच्याकडे मयताच्या बैठकीला कडूच कॉफी देतात. पेले आले तसा कुणाला संशय उरला नाही. रस्त्यावरून जाणारे थबकले, आत आले, बयूमीचा हात हातात घेऊन म्हणाले, "त्यांचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो." बयूमी गोंधळून "तुम्हालाही" म्हणत गेला. दुसरं काय म्हणणार? हात पुढे येत होते, तो घेत होता. एक केशकर्तनवाला माझ्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाला, गेलेला माणूस फार सज्जन होता. मी म्हटलं, हो, होता. त्याने विचारलं, तुम्ही जवळून ओळखत होता? मी म्हटलं, तितकं नाही.

आणि तेवढ्यात, देवाशपथ सांगतो, ऐकणाऱ्यांतल्या एकाच्या तोंडून "अल्लाह" निघालं. हलकेच. तो तुकडा इतक्या वेळा फिरून आला होता की लोकांना आता त्या पठणातला दम, ती लांबवलेली जागा, तो उतार ओळखीचा झाला होता. पुढच्या फेरीला दोघं म्हणाले. बयूमीनेही मान हलवली. गोंधळातही त्याचा कान कामावर होता.

मग ओरडा ऐकू आला. नबविया रस्त्यातून धावत येत होती, ओढणी खांद्यावर, पायात दोन वेगळ्या चपला. तिला कुणीतरी खिडकीखालून सांगितलं होतं की कहवाखान्यात शेख बयूमीचं मयत बसलंय. "शेख बयूमीकडचं" म्हणाले की "शेख बयूमीचं", एवढं ऐकायला ती थांबली नव्हती. दारात येऊन पाहते तो भाऊ मधल्या खुर्चीवर बसून कॉफी पितोय.

ती भिंतीला टेकली. कुणीतरी तिला खुर्ची दिली. मग ती उठली, मेजाशी गेली, आयत संपेपर्यंत थांबली, आणि पुटपुटत एका बोटाने पेटी बंद केली.

"सकाळी मीच तुझं कार्ड काढून ठेवलं होतं," ती म्हणाली. "पानं गुंडाळताना मधेच तुझी बाई सुरू होईल म्हणून. परत घालायचं राहिलं, ते काचेच्या कपाटात आहे." मग आवाज फुटला. "मला वाटलं तू गेलास रे, मेल्या."

भोवती सगळ्यांच्या हातात कडू कॉफी. केशकर्तनवाल्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. मला वाटलं, आता बयूमी पेटी उचलून नाल्यात टाकणार आणि उद्यापासून बहिणीकडे अर्ज करत बसणार.

त्याने हात पुढे केला. "कुठे दाबलंस?"

"तेव्हाच विचारलं असतंस तर..."

"नबविया, कुठे दाबलंस ते सांग."

तिने त्याचा अंगठा धरला आणि कडेच्या बटणावर ठेवला. "हे थांबायचं. याच्यावर बारीक खळगा आहे, लागला? आणि हे दोन जुळे भाऊ, यांच्या मधे बोट घालायचं नाही." त्याने एकदा दाबलं, पुन्हा दाबलं. तिने सोडलं तरी त्याचं बोट तिथेच राहिलं. मग तो म्हणाला, कार्ड मागव.

कार्ड आलं. दुसूकीने साखर घालून नवी कॉफी टाकायला सांगितली, पण शोकाला आलेले काही उठले नाहीत, केशकर्तनवाला तर मुळीच नाही. बाई गाऊ लागल्या. बयूमी दोन-दोन शब्द ऐकत मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला, आणि दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीवर जाऊन थांबला. इथपासून. बाईंनी ती ओळ घेतली, तिसऱ्यांदा घेतली, सूर वर नेला, आणखी वर, कहवाखाना श्वास रोखून बसला, तो तरणा आवाज आता किंचाळणार एवढ्यात बयूमीने खळग्यावर अंगठा ठेवला आणि बंद केलं.

सगळे एका सुरात कण्हले. दुसूकीच्या हातातला पेला कलंडला.

"शेख, असं काय करता?" तो काकुळतीला आला. "का थांबवलंत?"

"थांबतंय का ते बघत होतो," बयूमी म्हणाला. तो चांगला हसत होता. आणि दुसूकी "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडेपर्यंत त्याने बटणाला हात लावला नाही.